दहा फुटांवर एक फ्रेम

सॅन फ्रान्सिस्कोच्या मार्केट स्ट्रीटवरून एक केबलकार संथ गतीने चालली आहे आणि तिच्या पुढच्या टोकाला कॅमेरा बांधलेला आहे. साधारण तेरा मिनिटांची मूक चित्रफीत. घोडागाड्या आडव्या येतात, मोटारी मधूनच घुसतात, टोप्या घातलेली माणसं रुळांवरून बिनधास्त पळतात, आणि शेवटाला फेरी बिल्डिंगचा मनोरा हळूहळू मोठा होत जातो. यूट्यूबवर तुम्ही ती बहुतेक पाहिलीही असेल; रंग भरून, आवाज चढवून तिच्या कितीतरी आवृत्त्या फिरत असतात.

माइल्स बंधूंनी काढलेल्या या चित्रफितीची तारीख बरीच वर्षं १९०५ सालचा सप्टेंबर अशी दिली जात होती. डेव्हिड कीन या चित्रपट-इतिहासकाराला ती पटेना. त्याने फितीत दिसणाऱ्या मोटारींचे नंबर घेतले आणि त्यांची नोंदणी कधी झाली ते शोधलं. रस्त्यावर पाण्याची डबकी दिसत होती, म्हणून त्या काळच्या वर्तमानपत्रांतली हवामानाची माहिती चाळली. सावल्या कुठे पडल्यात तेही पाहिलं. उत्तर निघालं ते असं, की हे चित्रण १९०६ च्या एप्रिलमधलं आहे. १८ एप्रिल १९०६ ला सॅन फ्रान्सिस्कोचा भूकंप झाला आणि मागून लागलेल्या आगीत शहराचा मोठा भाग जळाला. म्हणजे ज्या इमारतींसमोरून ती केबलकार जाते, त्यांतल्या बहुतेकांच्या आयुष्याचे काही दिवसच तेव्हा उरले होते.

ही फीत आज दस्तऐवज मानली जाते, कारण तिच्या प्रत्येक फ्रेमला ठिकाण आहे आणि आता वेळही आहे. ठिकाण ओळखणं सोपं होतं, कारण रस्ता एकच आणि सरळ आहे. वेळ नक्की करायला शंभर वर्षं लागली. एखाद्या शहराचं नुसतं चित्रण करणं आणि त्या चित्रणातला प्रत्येक क्षण नकाशावर टाचून ठेवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी अजूनही अवघड आहे.

आपल्याकडच्या जुन्या खरेदीखतात जागेची चतुःसीमा लिहिलेली असते. पूर्वेस अमक्याचं घर, पश्चिमेस सरकारी रस्ता, दक्षिणेस तमक्याची पडीक जागा, उत्तरेस ओढा. जागेला आकडा नव्हता, शेजार होता. शेजारी मेला, घर विकलं गेलं, ओढा बुजला की पत्ता डळमळायचा आणि मग कोर्ट. पुढे सिटी सर्व्हे आला, प्रत्येक तुकड्याला नंबर मिळाला, नकाशा झाला. पण नकाशात घराची कड दिसते, घर दिसत नाही. भिंत कुडाची की विटांची, दुकान पुढे किती आलंय, गटार उघडं की झाकलेलं, हे दिसत नाही. ते पाहायला चित्रच लागतं. पॅरिसमध्ये हाउसमानच्या काळात जुन्या गल्ल्या पाडून रुंद रस्ते काढायचं ठरलं, तेव्हा चार्ल्स मारव्हिलला त्या गल्ल्यांचे फोटो काढायच्या कामाला लावलं होतं. पाडायच्या आधी नोंद करून ठेवायची, ही शहर चालवणाऱ्यांची सवय तेव्हापासूनची आहे. नोंद पाडण्याची परवानगी होते की पाडल्याचा पुरावा, हा प्रश्नही तेव्हापासूनचाच.

चित्र आणि नकाशा यंत्राने एकमेकांना जोडण्याचा पहिला मोठा प्रयोग झाला तो अमेरिकेतल्या अ‍ॅस्पेन या डोंगरातल्या छोट्या गावात. एमआयटीमध्ये निकोलस नेग्रोपाँटे यांचा आर्किटेक्चर मशीन ग्रुप नावाचा गट होता. त्यातल्या अँड्र्यू लिपमन यांच्या देखरेखीखाली १९७८-७९ मध्ये ‘अ‍ॅस्पेन मूव्ही मॅप’ तयार झाला. पीटर क्ले, बॉब मोल, मायकेल नेमार्क ही त्यातली तरुण मंडळी. क्ले तर तेव्हा पदवीचा विद्यार्थी होता. आधी त्यांनी एमआयटीच्या कॉरिडॉरचाच असा चित्र-नकाशा करून पाहिला होता.

पैसा संरक्षण खात्याच्या डार्पाचा होता. त्यामागे १९७६ ची एंटेबेची घटना होती. युगांडातल्या एंटेबे विमानतळावर ओलीस ठेवलेल्या प्रवाशांना इस्रायली कमांडोंनी सोडवलं, आणि त्याआधी विमानतळाच्या काही भागाची प्रतिकृती उभारून सराव केला. दर वेळी प्रतिकृती कुठून बांधणार? सैनिकाला पडद्यावरच त्या गावात फिरवता आलं तर? गाव न पाहता गावाचा माहितगार होता आलं तर?

यंत्र कसं होतं, ते मला फार आवडतं. एका गाडीच्या टपावर चार १६ मिलिमीटरचे कॅमेरे चार दिशांना तोंड करून बसवलेले, खाली धक्के शोषणारा स्थिरक. गाडीमागे सायकलचं एक चाक. ते चाक रस्त्यावरून फिरत जाई आणि दर दहा फुटांना कॅमेऱ्यांना इशारा देई. खटक, एक फ्रेम. पुन्हा दहा फूट, खटक. आपल्या पीडब्ल्यूडीचे लोक रस्ता मोजायला दांडीचं चाक ढकलत नेतात ना, त्याचाच हा भाऊबंद. वेळेप्रमाणे फ्रेम घेतली असती तर गाडी सिग्नलला थांबली की एकाच दुकानाचे शंभर फोटो, आणि वेग घेतला की घरंच्या घरं गायब. अंतराप्रमाणे घेतल्यामुळे फ्रेमचा क्रमांक हाच पत्ता झाला. चारशेवी फ्रेम म्हणजे सुरुवातीपासून चार हजार फूट. उपग्रह नाही, काही नाही, आणि तरी प्रत्येक चित्राला ठिकाण आहे!

बाकीची शिस्तही तशीच. चित्रण रोज सकाळी दहा ते दुपारी दोन एवढ्याच वेळात करायचं, म्हणजे सावल्या फार बदलत नाहीत. गाडी रस्त्याच्या मधोमध चालवायची, म्हणजे एका रस्त्यावरून दुसऱ्यावर वळताना चित्र उडी मारत नाही. हे सगळं लेसरडिस्कवर भरलं. लेसरडिस्कच्या एका बाजूला ५४,००० फ्रेम मावतात. गणित करून पाहा: चार कॅमेरे म्हणजे साडेतेरा हजार थांबे, दहा फुटांनी गुणलं की १ लाख ३५ हजार फूट, म्हणजे साधारण ४१ किलोमीटर. छोट्या गावाला तेवढं पुरतं. पडद्याला बोट लावून पुढे जायचं, वळायचं, काही इमारतींच्या आतही शिरायचं. शिवाय ऋतू बदलायची सोय होती. तोच चौक पानगळीत आणि तोच बर्फात. काही ठिकाणी जुने ऐतिहासिक फोटोही जोडलेले होते. म्हणजे रस्त्याने पुढे-मागे जाता येई आणि थोडंफार काळातही.

नेमार्कने पुढे हीच कल्पना वेगवेगळ्या वाहनांवर चढवली. जर्मनीतल्या कार्लस्रूहमध्ये ट्रामवर कॅमेरा बसवून रुळांच्या जाळ्याचा चित्र-नकाशा केला. रूळ असले की गाडी मधोमध ठेवायची काळजी नाही. मार्केट स्ट्रीटच्या केबलकारची ही नातच म्हणायची.

चाक घसरतं, खड्ड्यात उडतं आणि त्याची चूक पुढे साचत जाते. जीपीएस आल्यावर चाकाची जागा उपग्रहांनी घेतली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ओहायो स्टेट विद्यापीठाने ‘जीपीएस व्हॅन’ बनवली. त्यानंतर कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठाने ‘व्हिसॅट’. व्हिडिओ, इनर्शियल आणि सॅटेलाइट या तिघांची अक्षरं एकत्र करून हे नाव झालं होतं. इमारतींच्या आडोशाला उपग्रह दिसेनासे झाले की गाडीतले जडत्वमापक थोडा वेळ हिशेब सांभाळायचे. साध्या कॅमकॉर्डरवाल्यांसाठी याहून गमतीशीर युक्ती निघाली. जीपीएसचे आकडे मोडेमसारख्या आवाजात बदलायचे आणि तो आवाज कॅसेटच्या दोन ध्वनिपट्ट्यांपैकी एकीवर भरायचा. एका कानात रस्त्याचा गोंगाट, दुसऱ्या कानात अक्षांश-रेखांशांची चिरचिर. कॅसेट कुठेही न्या, पत्ता तिच्यातच. आज फाइलमध्ये मेटाडेटा ठेवतात तो विचार हाच, फक्त तेव्हा तो ऐकू यायचा.

इथे जरा थांबून एक हिशेब मांडतो, कारण या विषयातली निम्मी भांडणं इथून सुरू होतात. गाडी ताशी ३६ किलोमीटरने चालली आहे, म्हणजे सेकंदाला १० मीटर. कॅमेरा सेकंदाला ३० फ्रेम घेतो, म्हणजे दोन फ्रेममध्ये गाडी साधारण ३३ सेंटिमीटर सरकते. साधं जीपीएस मात्र सेकंदाला एकदाच ठिकाण सांगतं. मधल्या २९ फ्रेमचं ठिकाण सॉफ्टवेअर अंदाजाने भरतं. आता कॅमेऱ्याचं घड्याळ आणि जीपीएसचं घड्याळ यांच्यात एका सेकंदाचा फरक पडला, तर चित्र १० मीटर सरकलं. पेठेतल्या रस्त्यावर १० मीटर म्हणजे शेजारचं घर, कधी त्याच्याही पलीकडचं. उपग्रहांचं घड्याळ लीप सेकंद मोजत नाही, त्यामुळे २०१७ पासून ते आपल्या नेहमीच्या घड्याळाच्या १८ सेकंद पुढे आहे. ते १८ सेकंद वजा करायचे राहिले तर चित्र १८० मीटर दूर जातं. एका गल्लीतलं अतिक्रमण दुसऱ्याच गल्लीत उगवतं. नोटीस कोणाच्या दारावर चिकटणार, हे अशा वेळी कोडच्या एका ओळीवर ठरतं. चतुःसीमेतला शेजारी निदान उभा राहून बोलू तरी शकायचा.

यापुढची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. गूगलचे लॅरी पेज गाडीतून फिरत रस्त्यांचं चित्रण करून आले, ते स्टॅनफर्ड विद्यापीठाकडे गेलं, तिथे त्यावर संशोधन झालं आणि २५ मे २००७ ला अमेरिकेतल्या पाच शहरांत स्ट्रीट व्ह्यू सुरू झालं. सॅन फ्रान्सिस्को त्यात होतंच. लोकांनी स्वतःचं घर पाहिलं, मग शेजाऱ्याचं पाहिलं, आणि मग आपलंही घर कोणीतरी पाहतंय हे लक्षात आलं. चेहरे धूसर करणं त्यानंतर सुरू झालं. २०१० मध्ये कंपनीने कबूल केलं, की तिच्या गाड्या जाता जाता उघड्या वाय-फायवरून लोकांची माहितीही गोळा करत होत्या. त्याच वर्षी जर्मनीत २ लाख ४४ हजारांहून जास्त कुटुंबांनी आमचं घर धूसर करा म्हणून अर्ज केले. तिथे स्ट्रीट व्ह्यूवर फिरताना मध्येच धुक्याची भिंत लागे.

भारतात वेगळंच घडलं. २०११ मध्ये बंगळूरुत गाड्या फिरू लागल्या आणि काही आठवड्यांतच पोलिसांनी त्या थांबवल्या. २०१६ मध्ये सरकारने परवानगी नाकारली. कारण सुरक्षेचं दिलं गेलं. सरकारला प्रत्येक नकाशात शत्रू दिसतो, असं आपण सहज म्हणून जातो. मीही म्हणतो. पण मुंबईच्या बाबतीत ते इतक्या सहज म्हणता येत नाही.

डेव्हिड हेडलीने २००६ ते २००८ या काळात मुंबईच्या पाच फेऱ्या केल्या. ताजचं, सीएसटीचं, नरिमन हाउसचं चित्रण केलं. २००८ च्या एप्रिलमध्ये तो जीपीएस यंत्र घेऊन आला, बोटीतून समुद्रात फिरला आणि माणसं किनाऱ्यावर कुठे उतरवता येतील ती ठिकाणं त्यात नोंदवून घेऊन गेला. हे अमेरिकेच्या न्यायालयात त्याने स्वतः दिलेल्या कबुलीत आहे. मुंबई कधी न पाहिलेले दहा जण २६ नोव्हेंबरला इथे उतरले. गाव न पाहता गावाचे माहितगार व्हायचं, ही एंटेबेनंतरची कल्पना ओलिसांच्या सुटकेसाठी सुचली होती. मुंबईत ती उलट्या बाजूने वापरली गेली, आणि तीही एमआयटीच्या यंत्राशिवाय, हातातला कॅमेरा आणि बाजारात मिळणारं जीपीएस एवढ्यावर. म्हणूनच मला २०११ ची बंदी पूर्ण पटत नाही आणि पूर्ण खोडूनही काढता येत नाही. ज्याला हल्ला करायचा त्याने परवानगी मागितलीच नव्हती, आणि ज्यांनी मागितली त्यांना मिळाली नाही.

फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्राने भू-माहितीचे नियम सैल केले. रस्त्यावरून चित्रण करून सर्वेक्षण करायचं काम मात्र भारतीय कंपन्यांनाच करता येईल असं ठरलं. त्याप्रमाणे जुलै २०२२ मध्ये गूगलने जेनेसिस आणि टेक महिंद्र या भारतीय कंपन्यांनी केलेलं चित्रण घेऊन दहा शहरांत स्ट्रीट व्ह्यू आणलं. आपल्याकडची मुंबई, पुणे, नाशिक आणि अहमदनगर ही चार त्यात होती. अहमदनगरचं नाव पुढे अहिल्यानगर झालं. चित्र तेच राहिलं, पत्ता बदलला.

एव्हाना शहर चालवणाऱ्यांनी या तंत्राचा दुसरा उपयोग शोधला होता. तो म्हणजे पंचनामा. पंचनाम्यात पंच जागेवर जातात, जे दिसलं ते लिहितात, सह्या करतात. आता पंचांच्या जागी कॅमेरा आहे. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने २०२१ मध्ये रस्त्याच्या कामांचं दर महिन्याला ड्रोनने चित्रण सक्तीचं केलं. मुंबई महापालिकेने नालेसफाईच्या ठेकेदारांकडून कामाच्या छोट्या चित्रफिती मागायला सुरुवात केली आणि २०२५ मध्ये त्या एआयकडून तपासून घेतल्या. नालेसफाईचं कामच असं, की ते झालं की नाही हे पावसाशिवाय कोणी सांगू शकत नाही. गाळ काढला म्हणजे नक्की काय काढलं, किती काढलं, कुठे नेऊन टाकलं? निदान डंपर नाल्यावर आला होता की नाही, एवढं तरी चित्रात दिसावं, ही अपेक्षा.

पण ठिकाणाचा शिक्का हा काही देवाचा शब्द नव्हे. अँड्रॉइड फोनमध्ये डेव्हलपरसाठी म्हणून खोटं ठिकाण दाखवायची सोय मुळातच दिलेली आहे, कारण अ‍ॅपची चाचणी घ्यायला ती लागते. त्यात आपल्याकडचा सगळा कारभार व्हॉट्सअ‍ॅपवर. व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा फोटो पाठवला की त्यातला मेटाडेटा गळून जातो. म्हणून कार्यालयांनी सोपा मार्ग काढला: अक्षांश-रेखांश, तारीख आणि छोटा नकाशा फोटोवरच छापणारं अ‍ॅप वापरा. ग्रामसेवक, शिक्षक, आशाताई, ज्युनिअर इंजिनिअर, सगळे ते वापरतात. पण फोटोवर छापलेला आकडा हे शेवटी रंगाचे ठिपके. ते दुसऱ्या फोटोवर नेऊन चिकटवायला इंजिनिअरिंगची पदवी लागत नाही. मूळ फाइल मागवणं, तिच्यातली ठिकाणांची ओळ सलग आहे का हे पाहणं, दोन फितींतली सावली आणि घड्याळ जुळतं का हे तपासणं, म्हणजे डेव्हिड कीनने केलं तेच करणं, ही खरी तपासणी. ती करायला माणूस नेमावा लागतो, आणि माणसाचा पगार वाचावा म्हणूनच तर हे सगळं आणलेलं असतं.

याहून जुनी अडचण रुंदीची आहे. टपावर कॅमेरा लावलेली गाडी जिथे शिरते तेवढंच शहर दिसतं. अ‍ॅस्पेनमध्ये ती सगळीकडे शिरली. मुंबईत ती नव्वद फूट रस्त्यावरून धारावीतून जाते आणि बोळाच्या तोंडाशी चित्र संपतं. आत दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला भिंतीला पाठ लावून उभं राहावं लागतं. ज्यांचं घर चित्रात नाही त्यांना हजर असल्याचा पुरावा वेगळ्या मार्गाने गोळा करावा लागतो, आणि मुंबईत त्या मार्गाला मोठा इतिहास आहे.

४ जानेवारी १९७६ ला मुंबईतल्या झोपड्यांची एका दिवसात मोजणी झाली. मोजल्या गेलेल्यांना फोटोपास मिळाले. फोटो, आणि तो कुठल्या झोपडीचा याचा नंबर. ठिकाण जोडलेलं चित्र म्हणतात ते हेच, अ‍ॅस्पेनच्या दोन वर्षं आधी, सरकारी शिक्क्यासह. तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत, पत्र्याच्या ट्रंकेत जपला गेला. फुटपाथवर राहणाऱ्यांना तोही नव्हता. १९८५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाचा ओल्गा टेलिस खटल्यातला निकाल आला त्या वर्षी, ‘स्पार्क’ संस्थेने भायखळा परिसरातल्या फुटपाथवरच्या कुटुंबांची मोजणी करून अहवाल काढला. त्याचं नाव ‘वुई, द इन्व्हिजिबल’, म्हणजे आम्ही, न दिसणारे. पुढे पुण्यात आणि सांगलीत शेल्टर असोसिएट्सने वस्तीतल्या लोकांना सोबत घेऊन झोपडपट्ट्यांचे जीआयएस नकाशे केले. गाडी जात नव्हती तिथे माणसं चालत गेली.

मार्च २०२४ पासून धारावीत पुनर्विकासासाठी सर्वेक्षण सुरू झालं. प्रत्येक झोपडीला नंबर देतात, बोळ लेसरने मोजतात, मग घरोघरी जाऊन अ‍ॅपमध्ये माहिती भरतात. तंत्र म्हणून ते उत्तम आहे. लेसरला अंधार चालतो, अरुंद बोळ चालतो, पोटमाळ्याकडे जाणारी लोखंडी शिडीसुद्धा त्यात उमटते. मात्र शिडीवरच्या खोलीत राहणाऱ्याला काय मिळणार, ते लेसर ठरवत नाही. घर धारावीतच आणि फुकट मिळणार की नाही, हे ती झोपडी १ जानेवारी २००० च्या आधीची आहे का यावर ठरतं, आणि ती तळमजल्यावरची असावी लागते.

या तारखेची एक गोष्ट मला सतत खुपते. अमेरिकेने सामान्य लोकांच्या जीपीएसमध्ये मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली ती २ मे २००० ला. त्याआधी साधं यंत्र शंभर मीटरपर्यंत चुकायचं. त्या दिवसापासून ते दहा-वीस मीटरवर आलं. म्हणजे सरकारने पात्रतेची जी रेघ ओढली, ती ठिकाण अचूक सांगणारं यंत्र लोकांच्या हातात येण्याच्या चार महिने आधीची. त्या १ जानेवारीला कोणी धारावीच्या बोळात जीपीएस घेऊन उभं राहिलं असतं, तरी शंभर मीटरच्या वर्तुळात शेकडो झोपड्या आल्या असत्या आणि त्यांतली आपली कुठली ते यंत्राला सांगता आलं नसतं. स्ट्रीट व्ह्यूवर काही शहरांत काळ मागे सरकवायची पट्टी आहे, ती २००७ च्या मागे जातच नाही. त्यामुळे सर्वेक्षणवाले टॅब घेऊन दाराशी येतात, लेसरने भिंतीचं माप मिलिमीटरमध्ये घेतात, आणि मग विचारतात ते १९९९ च्या मतदार यादीतलं नाव, त्या वेळचं लाईट बिल, आणि असलाच तर ७६ सालचा फोटोपास.